आखूड नळीची रायफल आणि सप्रेसर

आखूड नळीची रायफल आणि सप्रेसर : रायफलीच्या तोंडाशी आवाज कमी करणारे नळकांडे (सप्रेसर, बोलण्यात सायलेन्सर) लावायचे असेल तेव्हा नळी किती आखूड घ्यावी, हा शस्त्ररचनेतील एक जुना पेच. सप्रेसर साधारण १५० ते २०० मि.मी. लांब असतो. तो १६ इंची (४०६ मि.मी.) नळीपुढे बसवला की गाडीतून उतरताना, जिन्यात वळताना किंवा हेलिकॉप्टरच्या दारात रायफल अडते. त्यामुळे नळीच छाटावी असे कोणालाही वाटते. पण नळी जितकी आखूड, तितके सप्रेसरचे काम अवघड होते. वजन, लांबी, वेग आणि आवाज यांपैकी काय सोडायचे हे ठरवल्याशिवाय नळीची लांबी ठरत नाही. ती ठरवण्यात काडतुसाचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि हौशी चर्चांमध्ये नेमके तेच शेवटी विचारात घेतले जाते.

दाबाचे गणित : ५.५६×४५ मि.मी. काडतूस उडते तेव्हा नळीच्या मागच्या टोकाशी हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. गोळी पुढे सरकेल तशी वायूला जागा मिळते आणि दाब वेगाने उतरतो. २० इंची नळीच्या तोंडाशी गोळी पोहोचते तेव्हा तो काही शे पटींवर आलेला असतो. त्याच काडतुसासाठी १० इंची नळी घेतली तर तोंडाशी उरलेला दाब दुपटीहून जास्त भरतो. शिवाय दारू पूर्ण जळालेली नसते. तिचे जळते कण गोळीमागोमाग बाहेर पडतात आणि हवेशी गाठ पडताच पेट घेतात. आखूड नळीच्या रायफलीपुढे रात्री दिसणारा आगीचा गोळा तो हाच. शिट्टी होऊ न देता कुकरचे झाकण उघडावे तसा हा प्रकार असतो, आणि सप्रेसरला ती वाफ झेलायची असते.

गोळीबाराच्या आवाजाचे तीन स्रोत आहेत : तोंडातून सुटणारा वायू, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा हवेतील कडाका आणि बोल्टची (काडतूस नळीत ढकलणाऱ्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाची) खडखड. सप्रेसर यांपैकी फक्त पहिल्याला आवर घालतो. आतील पडद्यांमुळे (बॅफल) वायू अडतो, पसरतो, थोडा थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. रायफलीचा उघडा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. चांगला सप्रेसर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. क्षणिक आवाजासाठी कानाची धोक्याची पातळी १४० डेसिबल मानतात. लांब नळी आणि चांगला सप्रेसर यांच्या जोडीला ही रेषा गाठता येते. १० इंची ५.५६ ला मात्र नेमबाजाच्या कानाशी ती गाठणे कठीण जाते. सिनेमात सायलेन्सर लावलेल्या बंदुकीतून येणारी ‘फुस्स’ अशा रायफलीतून कधीच ऐकू येत नाही, आणि कानाचे संरक्षण काढून ठेवायची मुभाही मिळत नाही.

५.५६ आणि छाटलेली नळी : या काडतुसाची घडण २० इंची नळीच्या एम-१६ या अमेरिकी रायफलीभोवती झाली. त्याची ६२ ग्रेनची (सुमारे ४ ग्रॅम) गोळी त्या नळीतून सेकंदाला सुमारे ९४० मीटर वेगाने निघते. एम-४ च्या १४.५ इंची नळीतून हा वेग ९०० च्या आसपास, तर अमेरिकी नौदलाच्या एमके-१८ या १०.३ इंची कार्बाइनमधून (आखूड रायफलीतून) ८०० च्या आसपास येतो. घट सरळ रेषेत होत नाही. १२ इंचांच्या खाली प्रत्येक कापलेला इंच अधिकाधिक महाग पडतो. या हलक्या गोळीची मारकता बरीचशी वेगावर, म्हणजे लक्ष्यात शिरल्यावर ती तुटण्यावर, अवलंबून असते. वेग सेकंदाला साधारण ८०० मीटरच्या खाली गेला की ते तुटणे बेभरवशाचे होते. म्हणजे एमके-१८ ची गोळी नळीतून निघतानाच त्या काठावर उभी असते. जवळच्या अंतरावर, खोल्याखोल्यांतून लढणाऱ्या पथकांनी हा सौदा जाणूनबुजून केला. इतरांनी निव्वळ दिसायला देखणी म्हणून तीच लांबी उचलली, असे म्हणावे लागते.

हा पेच व्हिएतनाम युद्धातच पुढे आला होता. एक्सएम-१७७ या कार्बाइनला सुरुवातीला १० इंची नळी होती. तिचा आवाज आणि झोत इतका असह्य होता की तोंडाशी सव्वाचार इंची ‘मॉडरेटर’ लावावा लागला. त्याचा उद्देश रायफल गुपचूप चालावी हा नव्हता. आखूड नळीचा त्रास लांब नळीइतका खाली यावा, एवढीच अपेक्षा होती. शिवाय त्यामुळे मागे राहणारा दाब यंत्रणा नीट फिरवायलाही उपयोगी पडे. पुढच्या आवृत्तीत नळी साडेअकरा इंची झाली. आजही ५.५६ साठी सप्रेसरखाली साडेअकरा ते साडेबारा इंच ही लांबी अनेकांना मधला मार्ग वाटते आणि तसे वाटण्याला कारण आहे. गोळी वायुछिद्र (यंत्रणा फिरवण्यासाठी थोडा वायू घेणारे नळीतील छिद्र) ओलांडून नळी सोडेपर्यंतचा काळ तेथे थोडा वाढतो, दाब थोडा उतरतो आणि रायफल कमी खोडकर वागते.

काडतूस बदलणे : नळी छाटून मग सप्रेसरकडून चमत्काराची अपेक्षा ठेवण्यापेक्षा आखूड नळीसाठीच काडतूस घडवणे अधिक शहाणपणाचे. .३०० ब्लॅकआउट हे त्याचे ठळक उदाहरण. ॲडव्हान्स्ड आर्मामेंट कॉर्पोरेशन या मूळच्या सप्रेसर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने ते पुढे आणले आणि २०११ च्या जानेवारीत त्याला अमेरिकी उद्योगसंस्थेची मान्यता मिळाली. त्यामागे अमेरिकी शस्त्ररचनाकार जे. डी. जोन्स यांच्या .३०० व्हिस्पर या काडतुसाची कल्पना होती. या काडतुसात दारू थोडी आणि लवकर जळणारी असते, नळीचे भोक रुंद असते. त्यामुळे ९ इंचांतच दारूचे काम जवळजवळ संपते. पुढची नळी वेगात फारशी भर घालत नाही. एआर पद्धतीच्या (एम-१६ च्या घडणीच्या) रायफलीत केवळ नळी बदलून ते चालते, मॅगझिन आणि बोल्ट तेच राहतात. सोयीची ही बाजू धोक्याचीही आहे : .३०० चे काडतूस चुकून ५.५६ च्या नळीत गेले आणि चाप ओढला गेला तर रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत. म्हणून दोन्ही काडतुसे वापरणारे मॅगझिनांवर वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावतात.

याच काडतुसात २२० ग्रेनची (सुमारे १४ ग्रॅम) जड गोळी भरली की वेग ३१० मीटरच्या आसपास राहतो. २० अंश तापमानात ध्वनीचा वेग ३४३ मीटर असतो. गोळी त्याखाली राहिल्याने हवेतील कडाका उरत नाही आणि सप्रेसरची खरी किंमत येथे वसूल होते. मोबदल्यात शक्ती पिस्तुलाच्या पंगतीला येऊन बसते आणि गोळीचा मार्ग इतका वाकडा होतो की शंभर मीटरपलीकडे अंतराचा अंदाज चुकला की नेमही चुकतो. अशी लांब, जड आणि संथ गोळी स्थिर ठेवायला नळीतील सर्पिल खाचांना जास्त पीळ लागतो. .३०० साठी आठ किंवा सात इंचांत एक फेरा रूढ आहे, काही फारच आखूड नळ्यांना पाच इंचांत एक. पीळ अपुरा असेल तर गोळी डुलते आणि सप्रेसरच्या आतल्या पडद्याला घासते. नळीच्या तोंडाचे आटे वाकडे कापलेले असले तरीही हेच घडते. सप्रेसर निकामी होण्याच्या कारणांत हे कारण नेहमीचे आहे.

ध्वनीहून संथ गोळी आणि आखूड नळी यांची जोडी मात्र नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी विल्यम गॉडफ्रे डी लाइल यांनी ली-एनफील्ड या ब्रिटिश रायफलीच्या सांगाड्यावर .४५ पिस्तूल काडतुसाची, सुमारे २१० मि.मी. नळीची कार्बाइन तयार केली. नळीभोवती जाडजूड सप्रेसर होता. बोल्ट हाताने ओढायचा असल्याने गोळी सुटल्यावर यंत्रणेचाही आवाज नसे. ती शंभर-दीडशेच बनली, पण तिच्या शांततेची ख्याती टिकून आहे. सोव्हिएत संघात क्लिमोव्स्क येथे १९८० च्या दशकात घडलेली व्हीएसएस ही रायफल त्याच विचाराची : २०० मि.मी. नळी, ९×३९ मि.मी. काडतूस, सुमारे १६ ग्रॅमची गोळी, वेग २९० मीटरच्या आसपास. तिच्या नळीलाच छिद्रे आहेत, त्यांतून वायू सप्रेसरमध्ये आधीच उतरतो.

यंत्रणेवरील ताण : सप्रेसर वायू अडवतो म्हणजे तो मागेही ढकलतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत बोल्ट नेहमीपेक्षा वेगाने मागे येतो, पुढचे काडतूस नीट उचलले जात नाही, भाग लवकर झिजतात आणि धूर नेमबाजाच्या डोळ्यांत येतो. डावखुऱ्यांना त्याचा जास्त त्रास, कारण रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खिडकी त्यांच्या चेहऱ्याकडे असते. आखूड नळीत वायुछिद्र तोंडाजवळ आणि मोठे असते, म्हणून सप्रेसर नसताना विनातक्रार चालणारी रायफल तो लावताच अडखळू शकते. कमी-जास्त करता येणारा वायुमार्ग किंवा वायू पुढे सोडणारा सप्रेसर हे त्यावरचे रूढ उपाय. सप्रेसरचा पहिला पडदाही आखूड नळीपुढे लवकर झिजतो, कारण न जळलेल्या दारूचे कण त्यावर वाळूच्या माऱ्यासारखे आदळतात. म्हणूनच उत्पादक प्रत्येक सप्रेसरसाठी नळीची किमान लांबी छापतात. टायटॅनियम हलके, पण फार तापल्यावर ते कमजोर पडते. सतत मारा होणार असेल तर निकेलच्या मिश्रधातूंचे, जड सप्रेसर निवडतात.

एकूण लांबीचा विचार : नळी आणि सप्रेसर एकच वस्तू धरून आखणी करणे ही दृष्टी आता सैन्यांतही आली आहे. अमेरिकी लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये निवडलेली, पुढे एम-७ म्हणून ओळखली गेलेली रायफल सप्रेसरसहच दिली जाते. तिची नळी १३ इंची आहे. त्या लांबीतून हवा तो वेग मिळवण्यासाठी ६.८×५१ मि.मी. काडतुसाचा दाब ५.५६ च्या कितीतरी वर नेला आणि पितळी पुंगळीला पोलादी बूड द्यावे लागले. सप्रेसरसह तिचे वजन साडेचार किलोच्या घरात जाते. लांबी वाचली, भार वाढला. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकारी फार वर्षांपासून सप्रेसर वापरतात. तिथे नळीवर मागेपर्यंत चढणारे सप्रेसर रुळले, त्यामुळे रायफल पुढे थोडीच वाढते. ७.६२×५१ सारख्या काडतुसात नळी २४ वरून १८-२० इंचांवर आणली तरी शिकारीच्या अंतरावर बिघडत नाही. आखूड नळीचा सर्वांत कमी तोट्याचा वापर बहुधा हाच असावा.

कायदा : अमेरिकेत नळीची लांबी भौतिकशास्त्राइतकीच कायद्यानेही ठरते. १९३४ च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याने सप्रेसर आणि आखूड रायफली या दोन्हींवर नोंदणी आणि २०० डॉलर कर लादला. त्या काळी ही जबर रक्कम होती. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. लांब बंदूक कापून कोणी पळवाट काढू नये म्हणून आखूड नळीचे कलम घातले गेले. पिस्तुले नंतर वगळली, कलम राहिले. रायफलीसाठीची मर्यादा पुढे १८ वरून १६ इंचांवर आली. १४.५ इंची नळीला तोंडाशी जोडभाग कायमचा वेल्ड करून १६ इंच भरवण्याची तिथली पद्धत यातूनच आली. १ जानेवारी २०२६ पासून या दोन्हींवरील कर शून्य झाला, नोंदणी मात्र कायम आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडसाधने प्रतिबंधित शस्त्रांच्याच पहिल्या प्रवर्गात येतात. त्यामुळे नागरी परवानाधारकापुढे हा प्रश्न उभा राहत नाही, तो लष्कर आणि पोलिसांपुरता उरतो. पुण्यात पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने घडवलेल्या जेव्हीपीसी कार्बाइनसाठी इन्सास या भारतीय रायफलीचे ५.५६×४५ काडतूस न घेता १५ मि.मी. आखूड पुंगळीचे ५.५६×३० काडतूस निवडले गेले.