पित्ती उठली म्हणजे पोटात जंतच?

नागपुरात अंगावर पित्ती उठली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘जंत झाले असतील, गोळी घे.’ हे अगदीच खोटं नाही. स्ट्राँगिलॉइडिससारख्या काही जंतांमुळे पित्ती उठते. पण असे रुग्ण थोडेच. अचानक उठणाऱ्या पित्तीमागे बहुधा विषाणूसंसर्ग, खाणं किंवा औषध असतं (अंगदुखीची गोळी तर सांगायचीच राहते!). मे महिन्यात घाम फुटताच बारीक गांधी उठतात, त्या उष्णतेच्या. पित्ती ६ आठवड्यांहून जास्त रेंगाळली, तर बहुतेकदा स्वतःचीच प्रतिकारशक्ती बिथरलेली असते. एकेक गांध सहसा २४ तासांत आपोआप विरते. श्रेय मात्र अल्बेंडाझोल, म्हणजे जंतांची गोळी, खाते. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील किंवा पोटाची तक्रार असेल, तर शौचाची तपासणी करावी. ओठ-जीभ सुजली, दम लागला, तर तडक दवाखाना.