ब्रिटिश नेव्ही एवढीशी कशी झाली: १९६६ चा निर्णय आणि त्याचं मागचं-पुढचं

"जहाजांपेक्षा ॲडमिरल जास्त" हा ब्रिटिश नेव्हीवरचा टोमणा आता जुना झाला, तरी तिथले पेपरवाले दर काही महिन्यांनी तो नव्याने मारतात. ही घसरण सांगताना लोक १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या समुद्री विजयावरून उडी मारून थेट आजच्या दिवसावर येतात आणि मधलं सगळं राहूनच जातं. पण खरा घोळ तर मधेच आहे, आणि माझ्या मते त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष १९६६.

आधीचं थोडक्यात. १८८९ मध्ये ब्रिटनने कायदाच केला की जगातल्या दोन नंबर आणि तीन नंबरच्या नौदलांकडे मिळून जेवढ्या युद्धनौका असतील तेवढ्या आपल्या एकट्याकडे असल्या पाहिजेत. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात मात्र अमेरिकेशी बरोबरी मान्य करून टाकली, म्हणजे एक नंबर तिथेच कागदावर सोडला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानांनी मलायाजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' दोन्ही एकाच दिवशी बुडवल्या आणि वर विमानांचं संरक्षण नसेल तर कितीही मोठी युद्धनौका टिकत नाही हे पक्कं झालं. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) युद्ध संपलं तेव्हा छोट्या-मोठ्या मिळून पन्नासच्या वर कॅरिअर (विमानवाहू जहाजं) आणि आठ लाखांवर माणसं होती, पण तिजोरी रिकामी आणि डोक्यावर अमेरिकेचं कर्ज.

शेवटची बॅटलशिप (मोठ्या तोफांची युद्धनौका) 'व्हॅनगार्ड' ऑगस्ट १९६० मध्ये भंगारात निघाली. पोर्ट्समथच्या बंदरातून टग तिला ओढून नेत होते, किनाऱ्यावर निरोप द्यायला ही गर्दी, आणि बाई बंदराच्या तोंडाशीच आडव्या फिरल्या आणि एका पबसमोर गाळात रुतून बसल्या. तासाभराने सोडवून नेल्या. एकाही युद्धात तोफ न डागता गेलेलं जहाज, जाताना तेवढा हट्ट केला म्हणायचा.

आता १९६६. 'ईगल', 'आर्क रॉयल', 'व्हिक्टोरियस', 'हर्मिस' या कॅरिअर चालू होत्या पण सगळ्यांचे सांगाडे महायुद्धाच्या काळातले. म्हणून नेव्हीने त्रेपन्न हजार टनांच्या आसपासची नवी कॅरिअर डिझाइन केली. पण १९६४ मध्ये आलेल्या सरकारने संरक्षण खर्चाला वर्षाला २०० कोटी पौंडांची मर्यादा घालून ठेवलेली, आणि हवाई दलाचं स्वतःचं स्वप्नातलं बॉम्बर विमान १९६५ मध्ये रद्द झालेलं, त्यामुळे त्यांना बदल्यात अमेरिकन एफ-१११ हवी होती. दोन्हीला पैसे नव्हते. मग हवाई दलाने मांडणी केली की कॅरिअर हवीच कशाला, हिंदी महासागरातल्या बेटांवर धावपट्ट्या बांधू, एफ-१११ तिथून उडतील, सगळा टापू कव्हर होईल. हा हिशेब जुळवायला त्यांनी नकाशावर ऑस्ट्रेलिया चारशे मैल सरकवला असा किस्सा नेव्हीवाले अजून चवीने सांगतात. त्यातला मीठमसाला सोडला तरी, बांधलेल्याच नाहीत अशा धावपट्ट्यांच्या भरवशावर हा प्लॅन उभा होता हे खरंच.

फेब्रुवारी १९६६ च्या श्वेतपत्रिकेत कॅरिअर रद्द आणि एफ-१११ पन्नास मंजूर. नेव्हीचे मंत्री आणि नौदलप्रमुख दोघांनी राजीनामे दिले. श्वेतपत्रिकेचं लॉजिक असं की जमिनीवरच्या तळांवरून उडणाऱ्या आपल्या विमानांच्या टप्प्याबाहेर, तगड्या शत्रूसमोर सैन्य उतरवण्यासाठीच कॅरिअर लागते आणि असलं काम आपण यापुढे एकट्याने करणारच नाही. वाचायला एकदम शहाणपणाचं वाटतं. सोळा वर्षांनी नेमकं तेच करावं लागलं, एकट्याने, आठ हजार मैलांवर.

त्याआधी पुढची गंमत. ज्या बेटांवर धावपट्ट्या होणार होत्या त्यातलं एक अल्दाब्रा, तिथे महाकाय कासवं, त्यामुळे शास्त्रज्ञ चवताळले, आणि तेवढ्यात नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि तो प्लॅन बारगळला. जानेवारी १९६८ मध्ये सरकारने जाहीर केलं की १९७१ अखेर सिंगापूर, मलेशिया, इराणचं आखात सगळीकडून आपण निघतोय. आणि त्याच झटक्यात एफ-१११ सुद्धा रद्द! म्हणजे ज्या विमानांसाठी कॅरिअर मारली ती विमानंही आली नाहीत, तेल गेलं तूप गेलं हाती धुपाटणं आलं.

सरकारची बाजू घेणारे म्हणतात की सुएझच्या पूर्वेकडून (म्हणजे आखात आणि आशियातल्या तळांवरून) निघायचंच होतं तर कॅरिअर बांधून करायचं काय होतं, आणि पैसे नव्हतेच. पैसे नव्हते हे मान्य. पण १९६६ मध्ये सरकार पूर्वेकडे राहणार असंच सांगत होतं, निघायचं ठरलं नंतर. शिवाय १९६९ पासून अणुबॉम्बची जबाबदारी नेव्हीच्या पाणबुड्यांवर आली, एक पाणबुडी कायम समुद्रात हवी म्हणजे हवी, तिथे काटछाट नाही, म्हणून कात्री लागली की ती बाकीच्या जहाजांनाच लागते. हे आजही तसंच चालू आहे.

१९७० च्या दशकात 'इन्व्हिन्सिबल' बांधायला घेतली तेव्हा कॅरिअर म्हणायची सोय नव्हती, म्हणून ती क्रूझर म्हणून मंजूर करून घेतली, वर फक्त सपाट डेक. १९७८ च्या शेवटी जुनी 'आर्क रॉयल' निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर आकाशातून रडारने लांबचं बघणारी विमानंही गेली. १९८१ मध्ये आणखी एक आढावा झाला, त्यात दक्षिण अटलांटिकमधलं गस्तीचं जहाज 'एन्ड्युरन्स' परत बोलवायचं ठरलं, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये 'इन्व्हिन्सिबल' साडेसतरा कोटी पौंडांना ऑस्ट्रेलियाला विकायची ठरली. अर्जेंटिनाने त्यातून काय अर्थ काढायचा तो काढला, २ एप्रिल १९८२ ला ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर उतरले.

५ एप्रिलला 'हर्मिस' आणि 'इन्व्हिन्सिबल' पोर्ट्समथहून निघाल्या. ४ मे ला 'शेफील्ड' डिस्ट्रॉयरवर एक्झोसेट मिसाइल आदळलं, वीस जण गेले. अर्जेंटिनाची विमानं पाण्याला लागून आली आणि 'शेफील्ड'ला ती वेळेत दिसली नाहीत, वरून बघणारं कोणी नव्हतंच. हेलिकॉप्टरला रडार लावून घाईघाईत सोय केली ती युद्ध संपल्यावर पोचली. १९४१ चा धडा वेगळ्या तऱ्हेने परत. जिंकले ते, पण दोन डिस्ट्रॉयर आणि दोन फ्रिगेट घालवून.

'इन्व्हिन्सिबल'ची विक्री अर्थात रद्द झाली. फॉकलंडची फ्लॅगशिप (ताफ्याचं मुख्य जहाज) 'हर्मिस' मात्र आपण भारताने घेतली, १९८७ ते २०१७ 'विराट' म्हणून वापरली आणि नंतर अलंगला तोडली. 'विक्रांत' (जुनी) सुद्धा त्यांचीच अर्धवट राहिलेली 'हर्क्युलिस', १९५७ मध्ये घेतलेली. त्यांनी टाकलेलं आपण किती वर्षं ओढलं हा वेगळा विषय.

पुढचं तर सरळ उतारच आहे. टाइप ४५ डिस्ट्रॉयर बारा होणार होत्या, आठ ठरल्या, बांधल्या सहा, आणि गरम पाण्यात त्यांची वीज जाते हे नंतर कळलं. २०१० मध्ये हॅरिअर विमानं आणि तेव्हाची 'आर्क रॉयल' दोन्ही एकदम काढली, आणि पुढच्याच वर्षी लिबिया पेटलं. नव्या कॅरिअरवर कॅटपल्ट (विमान डेकवरून झटक्यात उडवणारं यंत्र) लावायचं ठरवलं, २०१२ मध्ये ते परत फिरवलं, कोट्यवधी पौंड हवेत. शेवटी २०१७ मध्ये ६५ हजार टनांची 'क्वीन एलिझाबेथ' आली, म्हणजे १९६६ ला रद्द झालेल्या जहाजाला जे नाव मिळणार होतं तेच. २०२१ मध्ये ती आपल्या बाजूला आली तेव्हा तिच्यावरच्या एफ-३५ पैकी बऱ्याच अमेरिकन मरीन्सच्या होत्या. 'प्रिन्स ऑफ वेल्स' २०२२ मध्ये अमेरिकेला निघाली आणि इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळच्या आयल ऑफ वाइटपाशीच तिचा (पंखा फिरवणारा) शाफ्ट गेला. जून २०२५ मध्ये तिचंच एक एफ-३५ तिरुवनंतपुरमला अडकून पडलं, महिनाभर केरळवाल्यांनी मीम्सचा पाऊस पाडला.

सध्याची सगळ्यात मोठी बोंब फ्रिगेटची. टाइप २३ सोळा होत्या, तीन चिलीला विकल्या, उरलेल्या म्हाताऱ्या होऊन एकेक करून निघतायत. 'ओशन' हे हेलिकॉप्टर जहाज २०१८ मध्ये ब्राझीलला गेलं, 'अल्बियन' आणि 'बुलवर्क' काढायचं २०२४ मध्ये जाहीर झालं. नव्या टाइप २६ आणि टाइप ३१ बांधल्या जातायत पण कामावर यायला वेळ आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेने टाइप २६ निवडल्यावर ब्रिटनसाठी बांधायला घेतलेल्यातल्या काही त्यांच्याकडे वळवायची भाषा सुरू झाली.