हिवाळी गाडीमुक्कामाचं सामान: लेबलावरच्या आकड्यांमागची पार्श्वभूमी

हिवाळी स्लीपिंग बॅगच्या आतल्या शिवणीत एक छोटं लेबल असतं. त्यावर तीन तापमानं छापलेली असतात. समजा १, उणे ५ आणि उणे २२. बॅग ज्या पिशवीतून येते तिच्यावर मात्र एकच आकडा ठळक असतो, बहुतेक वेळा उणे ५. घेणारा तोच वाचतो आणि तेवढ्याच थंडीच्या रात्री गाडीची मागची सीट पाडून झोपतो. पहाटे तीनला जाग येते तेव्हा पाय बधिर झालेले असतात आणि काचेवर आतून बर्फाची नक्षी उमटलेली असते. बॅग सदोष नसते, लेबलही खोटं नसतं. घोळ त्या आकड्याच्या अर्थात असतो. थंडीत गाडीत राहायच्या सामानाची अलीकडची वाटचाल समजून घ्यायची तर या घोळापासूनच सुरुवात करावी लागते.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो, कारण त्या काळी सगळी धडपड इंजिनासाठी होती. १९०८ मध्ये अंटार्क्टिकात पहिली मोटार उतरवली गेली. टणक समुद्रबर्फावर ती ओझी ओढायची, भुसभुशीत हिमात मात्र तिची चाकं जागच्या जागी फिरत राहायची. चाकांना गुंडाळायच्या साखळ्यांचं पेटंट त्याआधी, १९०४ मध्ये अमेरिकेत निघालं होतं. चिखलात रुतू नये म्हणून लोक टायरला दोर आणि वेली गुंडाळायचे, त्यावरून ही कल्पना सुचली. रात्रीचा मुक्काम म्हणजे रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, ऑइल डब्यात उतरवून शेगडीजवळ ठेवायचं आणि सकाळी कोमट करून परत ओतायचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीला सहजी न गोठणारं इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आलं आणि पाण्याची कटकट मिटली. इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरला १९४९ मध्ये पेटंट मिळालं, आणि १९५० च्या दशकात थंडीतही वाहतं राहणारं मल्टिग्रेड ऑइल पसरल्यावर डबा शेगडीजवळ न्यायचंही कारण उरलं नाही. ऑइलच्या डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हे आज रोज गाडी चालवणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. गाडीतल्या माणसाला या सगळ्यात घोंगड्यापलीकडे काही मिळालं नाही.

रुतलेली गाडी बाहेर काढायच्या सामानाची कहाणी वेगळ्याच वाटेने आली. दुसऱ्या महायुद्धात तात्पुरत्या धावपट्ट्यांसाठी भोकं पाडलेले पोलादी पत्रे वापरले गेले. युद्धानंतर ते भंगारात निघाले आणि वाळवंटात फिरणाऱ्यांनी चाकाखाली घालायला उचलले. एकेक पत्रा जवळजवळ ३० किलोचा. आज गाडीच्या टपावर दिसणाऱ्या रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक्शन बोर्ड, हे त्याच पत्र्यांचं हलकं रूप. ते या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियात वाळूसाठी तयार झाले. हिमात ते चालतात, पण एका अटीवर: चाक जोरात फिरवायचं नाही. टायर घसरत फिरला की घर्षणाच्या उष्णतेने बोर्डावरचे दातेच वितळतात.

माझ्या मते या बाजूची सगळ्यात मोठी कमाई ही कुठली वस्तू नाही, ती एक सवय आहे. १९८० च्या दशकात आइसलँडमधल्या चालकांनी प्रचंड मोठे टायर बसवून त्यांतली हवा अगदी ३-४ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरवायला सुरुवात केली आणि हिमनद्यांवर गाड्या नेल्या. हवा कमी केली की टायर जमिनीला लांबट टेकतो, वजन पसरतं आणि गाडी हिमात खचण्याऐवजी वर तरंगते. साध्या टायरची हवा इतकी खाली नेता येत नाही, टायर रिमवरून सुटतो. पण १५-१८ पीएसआयलाही फरक लगेच कळतो. डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून हवा मोजायचा गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर सामानाच्या यादीत कायमचे आले. विंच, म्हणजे दोराने गाडी ओढून काढायचं यंत्र, असो नसो, हे दोन लागतातच.

आता त्या तीन आकड्यांकडे. २००२ पर्यंत स्लीपिंग बॅगवरचं तापमान म्हणजे बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं मत होतं. कोणी माणसं झोपवून बघायचं, कोणी भरलेल्या पिसांच्या जाडीवरून अंदाज बांधायचं, कोणी शेजारच्या कंपनीचा आकडा बघून आपला ठरवायचं. एकाची उणे १० ची बॅग दुसऱ्याच्या उणे २ च्या बॅगेइतकीच उबदार निघायची. २००२ मध्ये युरोपात ईएन १३५३७ हे मानक आलं आणि २०१६ मध्ये त्याच पायावर आयएसओ २३५३७ हे जागतिक मानक तयार झालं. पद्धत अशी: आतून तापवलेला, अंगभर सेन्सर बसवलेला पुतळा थर्मलचे कपडे घालून बॅगेत ठेवतात, खाली चांगली उष्णतारोधक मॅट असते, खोली थंड केलेली असते. पुतळ्याला उबदार ठेवायला किती ऊर्जा लागते हे मोजतात आणि त्यावरून तापमानं गणिताने काढतात. म्हणजे लेबलावरच्या तापमानाला प्रत्यक्षात कोणीही झोपलेलं नसतं.

ते गणित ज्या माणसांना धरून केलं जातं त्यांच्यापाशी खरा गुंता सुरू होतो. पहिला आकडा ‘कम्फर्ट’. २५ वर्षांची, ६० किलो वजनाची, १ मीटर ६० सेंटिमीटर उंचीची स्त्री सैल अंगाने पडून जिथे थंडी न वाजता झोपेल, ते तापमान. दुसरा ‘लिमिट’. २५ वर्षांचा, ७३ किलोचा, १ मीटर ७३ सेंटिमीटरचा पुरुष अंगाची जुडी करून जिथे आठ तास न जागता कसाबसा काढेल, ते. तिसरा ‘एक्स्ट्रीम’. तीच स्त्री जिथे सहा तास जिवंत राहील, पण शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याची दाट शक्यता आहे, ते. त्यात हातापायांना हिमदंश होणार नाही अशी हमीही नाही.

बाजारात याचं सोपं भाषांतर झालं: कम्फर्ट म्हणजे बायकांचा आकडा, लिमिट म्हणजे पुरुषांचा. हे भाषांतर चुकीचं आहे आणि त्याने पुष्कळ लोकांच्या रात्री वाया गेल्या आहेत. या दोन आकड्यांत शरीरं बदललेली आहेत, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोपायची स्थिती बदललेली आहे. लिमिटवर पुरुषसुद्धा आरामात झोपत नाही. तो गुडघे छातीशी घेऊन, थंडीशी बरोबरी करत असतो. त्यातून तो पंचविशीतला आहे. पन्नाशीतल्या, दिवसभर गाडी चालवून दमलेल्या, धड न जेवलेल्या माणसाचं शरीर तेवढी उष्णता तयारच करत नाही.

मग पिशवीवर लिमिट ठळक का छापलं जातं? यामागे एक प्रामाणिक युक्तिवाद आहे. पाठीवर सामान वाहणाऱ्याला प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशेब असतो. त्याला जास्तीच्या पिसांचं ओझं नको असतं. तो जॅकेट घालून झोपेल, थोडं कुडकुडेल, पण हलकी बॅगच घेईल. त्याच्यासाठी लिमिट हा उपयोगी आकडा आहे. पण गाडीने जाणाऱ्याचं ओझं गाडी वाहते. बॅग एक किलो जड झाली तर त्याला काहीही फरक पडत नाही. पाठीवरच्या प्रवाशाची तडजोड गाडीतल्या प्रवाशाने त्याचं कारण नसताना स्वीकारली, असं मला या सगळ्या प्रकरणाकडे बघताना वाटतं. गाडीत झोपणाऱ्याने फक्त कम्फर्ट बघावा आणि अपेक्षित थंडीच्या खाली आणखी पाच अंश धरावेत. एक्स्ट्रीमचा आकडा तर खरेदीच्या वेळी वाचूच नये. ‘एक्स्ट्रीम’ हा शब्दच दिशाभूल करतो. तो धाडसाची हाक दिल्यासारखा वाटतो, आणि अर्थ मात्र आणीबाणीचा आहे. काही उत्पादकांनी तो पुढे दर्शनी भागावरून काढून टाकला, ते बरं झालं.

मॅटच्या बाबतीत हाच गोंधळ उशिरा सुटला. अंगाखाली दबलेली पिसं ऊब धरत नाहीत, त्यामुळे खालची सगळी भिस्त मॅटवर असते. तिचं उष्णता अडवण्याचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू. ते मोजायची एकसारखी पद्धत २०१८ मध्ये ठरली आणि २०२० पासून बऱ्याच उत्पादकांनी तीच छापायला सुरुवात केली. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, ही त्यातली सोयीची गोष्ट. २ च्या फोमवर ३ ची मॅट टाकली की ५. इथे गाडीवाल्यांची एक खास चूक होते. पंपाने फुगवायची २० सेंटिमीटर जाड गादी बघून वाटतं, जमिनीपासून इतकं उंच झोपल्यावर थंडी कशी लागेल? पण आतून मोकळ्या असलेल्या अशा गादीत हवा सतत खालीवर फिरते आणि अंगाची उष्णता गाडीच्या पत्र्याला नेऊन पोचवते. तिची आर-व्हॅल्यू जेमतेम १ च्या आसपास असते. वर दोन सेंटिमीटरचा बंद पेशींचा फोम टाकला तर तीच गादी झोपण्यालायक होते.

हीटरचा इतिहास इंजिनाच्या स्वभावातून आला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात केबिन तापवायला गरम पाणीच नसतं. तशा गाड्यांसाठी स्वतंत्रपणे इंधन जाळणारे छोटे हीटर निघाले, पुढे ते रात्रभर रस्त्याकडेला थांबणाऱ्या ट्रकमध्ये गेले आणि तिथून मुक्कामाच्या गाड्यांत. यांची रचना एका कारणासाठी कौतुकास्पद आहे. जळण्यासाठीची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो आणि केबिनमधली हवा धातूच्या वेगळ्या कवचावरून फिरून गरम होते. दोन्ही हवा एकमेकींना भेटत नाहीत. गाडीत गॅसची शेगडी पेटवून झोपण्याशी तुलना केली तर हा फरक जीवनमरणाचा आहे. शेगडी हवेतला ऑक्सिजन खाते, कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते, आणि त्याला वास नसल्याने झोपेतच माणसं गेल्याच्या घटना घडत आल्या आहेत. शिवाय १ किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. ती वाफ काचेवर, छतावर आणि शेवटी बॅगेच्या पिसांत जाऊन बसते. डिझेल हीटर कोरडी ऊब देतो. तरीही त्याचा धुराचा पाइप सैल होऊ शकतो, बाहेर साचलेलं हिम त्याचं तोंड बुजवू शकतं. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावलेला हवा. याला पर्याय नाही.

गेल्या दशकात या हीटरच्या स्वस्त नकला सगळीकडे पोचल्या आणि आकड्यांचा आजार इथेही आला. खोक्यावर ८ किलोवॅट लिहिलेलं असतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, त्यातली थोडी धुराबरोबर जाते. म्हणजे ८ किलोवॅटसाठी तासाला जवळजवळ एक लिटर डिझेल लागेल. पंप पूर्ण वेगाने टकटकत असतानाही तासाला अर्धा-पाऊण लिटरच जात असेल, तर तो हीटर ४-६ किलोवॅटचा. छोट्या गाडीला खरं तर दोन किलोवॅटसुद्धा पुरतात. मोठा हीटर सतत मंद आचेवर ठेवला की आत काजळी धरते आणि एके दिवशी नेमका कडाक्याच्या थंडीत पेटायला नकार देतो. उंचावर विरळ हवेत काजळी आणखी लवकर धरते. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण आचेवर चालवायची पद्धत त्यातूनच पडली.

हीटर आला तशी त्याला रात्रभर वीज पुरवणारी बॅटरी महत्त्वाची झाली. लेड-ॲसिड बॅटरीची थंडीतली दुर्बलता सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यावरचा सीसीए, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करायला ती किती करंट देऊ शकते हा आकडा, उणे १८ अंशांना मोजलेला असतो. १९९० च्या दशकात शोधलेली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाला हलकी आणि टिकाऊ, म्हणून मुक्कामाच्या गाड्यांत ती झपाट्याने शिरली. तिची अडचण उलट्या बाजूची आहे. वीज द्यायला ती उणे २० पर्यंत तयार असते, पण शून्याखाली चार्ज केली तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. त्यामुळे आतलं नियंत्रक सर्किट चार्जिंगच तोडतं. रात्रभर हीटर चाललेला, सकाळी टपावरच्या सोलर पॅनेलवर लख्ख ऊन आणि बॅटरी उणे ६ अंशांवर. एक अँपिअरही आत जात नाही. अलीकडे यावर उपाय म्हणून आतच तापपट्टी असलेल्या बॅटऱ्या निघाल्या आहेत. येणारी वीज आधी पट्टीला जाते, पेशी शून्याच्या वर आल्या की मग चार्जिंग सुरू होतं. ज्यांच्याकडे साधी बॅटरी आहे ते ती बॉनेटखालून काढून केबिनमध्ये, सीटखाली, फोमच्या खोक्यात ठेवतात. बॅटरीच्या लेबलावर डिस्चार्जचं उणे २० मोठ्या अक्षरात असतं, चार्जिंगचं शून्य त्याखाली बारीक अक्षरात.