तिकोपियाचं तळं कसं तयार झालं, कसं फुटलं

28 डिसेंबर 2002 रोजी 'झोई' हे चक्रीवादळ प्रशांत महासागरातल्या तिकोपिया बेटाजवळ आलं आणि पुढे सरकण्याऐवजी तिथेच घुटमळत राहिलं. वाऱ्याचा वेग ताशी 240 किलोमीटरच्या आसपास होता. लाटांनी किनारपट्टीवरची घरं नेलीच, शिवाय 'ते रोतो' हे बेटाच्या मधोमध असलेलं तळं आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा अरुंद पट्टाही तोडला. मचूळ पाण्याचं तळं खारं झालं. त्यातली मासळी आणि काठच्या पाणथळीतली अळूची लागवड दोन्ही संकटात आली. आज या तळ्याच्या तोंडाशी दगडी बांध का आहे, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

तिकोपिया सॉलोमन बेटांच्या पूर्व टोकाला, तेमोतू प्रांतात आहे. क्षेत्रफळ जेमतेम 5 चौरस किलोमीटर, वस्ती साधारण 1,200. विझलेल्या ज्वालामुखीचं हे बेट. रेआनी हे त्याचं शिखर सुमारे 380 मीटर उंच, आणि तळं आहे ते ज्वालामुखीच्या मुखात, जवळपास 80 मीटर खोल. शेजारी म्हणावं असं अनुता बेट याहूनही चिमुकलं, आणि तेही शंभरावर किलोमीटर दूर. नकाशावर हा भाग मेलानेशिया या नैऋत्य प्रशांतातल्या बेटसमूहात मोडतो, पण माणसं भाषेने आणि वंशाने पॉलिनेशियन, म्हणजे आणखी पूर्वेकडच्या बेटांवरच्या लोकांच्या नात्यातली.

पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन या संशोधकांनी 1977-78 मध्ये इथे उत्खनन केलं. त्यातून जे कळलं ते मला आजही थक्क करतं. सुमारे 2,900 वर्षांपूर्वी पहिली माणसं आली तेव्हा आजचं तळं तळं नव्हतंच. ती समुद्राला खुली असलेली खाडी होती, शिंपल्यांनी भरलेली. आलेल्यांनी रान जाळून शेती केली, समुद्रपक्षी, कासवं आणि शिंपले मनसोक्त खाल्ले. उकिरड्यांच्या सर्वांत खालच्या थरांत कोळसा आणि पक्ष्यांची हाडं भरपूर, वरच्या थरांत ती कमी कमी होत जातात. उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाने वाहून खाली आली आणि किनाऱ्यालगत लागवडीची सपाट जमीन तयार झाली. पुढे वाळूचा दांडा वाढत वाढत खाडीचं तोंड बंद झालं. शेती वाढली, पण खाडीतले शिंपले गेले.

बेटावरच्या तोंडी परंपरेत जमिनीवरून झालेल्या लढायांच्या आठवणी आहेत. न्गा रावेंगा आणि न्गा फाएआ या दोन गटांपैकी पहिला मारला गेला, दुसरा होड्यांत बसून समुद्रात निघून गेला. या कथांचा संबंध खाडी बुजल्यामुळे आलेल्या टंचाईशी जोडला जातो, आणि मला तो पटतो.

हळूहळू जाळपोळीची शेती मागे पडली आणि तिच्या जागी झाडं आली: नारळ, निरफणस, सागू, बदामासारख्या बियांची झाडं, त्यांच्या सावलीत अळू आणि कोनफळ. लांबून पाहणाऱ्याला शिखरापर्यंत चढत गेलेलं रान दिसतं. प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक झाड माणसाने लावलेलं किंवा राखलेलं आहे. सुमारे 1600 च्या सुमारास बेटावरची सगळी डुकरं मारून टाकली गेली, कारण ती बागा उकरत आणि माणसाचंच अन्न खात. पॉलिनेशियन समाजात डुक्कर म्हणजे मान आणि मेजवानी; ते सोडणं किती जड गेलं असेल!

दुष्काळासाठीची तरतूद म्हणजे 'मासी'. निरफणस सोलून, गाभा काढून, पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात ठेवायचा. वर पुन्हा पानं आणि दगडांचं वजन. आत तो आंबून आंबट लगदा होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वादळ झाडावरचं फळ पाडतं, जमिनीखालचं अन्न मात्र राहतं.

बाहेरच्या जगाशी संबंध तुरळक होता. 1606 मध्ये किरोस या दर्यावर्दीच्या स्पॅनिश जहाजांनी बेट पाहिलं. 1826 मध्ये कॅप्टन पीटर डिलनला इथे राहणाऱ्या एका भारतीय खलाशाकडे तलवारीची चांदीची मूठ दिसली, आणि त्या धाग्यावरून 1788 पासून बेपत्ता असलेल्या ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीच्या जहाजांचा शोध वानिकोरो बेटापर्यंत पोचला.

मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ 1928-29 मध्ये आले तेव्हा लोकसंख्या 1,300 च्या आसपास होती. ती आटोक्यात ठेवण्याचे मार्ग त्यांनी नोंदवले आहेत: धाकट्या मुलांनी लग्न न करणं, गर्भपात, नवजात अर्भकाला न वाढवणं, तरुणांनी परतीची खात्री नसलेल्या समुद्रप्रवासाला निघणं. वाचताना अंगावर काटा येतो. पण चारही अरिकी, म्हणजे कुळप्रमुख, आणि घरोघरची माणसं जमीन किती जणांना पोसेल याचा हिशोब उघडपणे मांडत. मिशनऱ्यांना यातल्या बऱ्याच रीती मान्य नव्हत्या. त्या मागे पडल्या आणि 1952 पर्यंत लोकसंख्या 1,700 च्या वर गेली. नेमकी तेव्हाच, 1952 आणि 1953 मध्ये, लागोपाठ दोन चक्रीवादळं आली आणि भीषण उपासमार झाली. पुढच्या वर्षांत अनेक कुटुंबं सॉलोमनमधल्याच रसेल बेटांवर आणि माकिरा बेटावर जाऊन वसली. तेव्हापासून स्थलांतर हा इथला नेहमीचा मार्ग झाला.

झोईनंतर जवळपास आठवडाभर बेटाची खबर नव्हती. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत झाडांना पान उरलेलं नव्हतं आणि बाहेर मोठ्या जीवितहानीची धास्ती होती. प्रत्यक्षात तिकोपियावर एकही माणूस दगावला नाही. लोक उंचावरच्या कपारींत आणि गुहांत जाऊन बसले होते.

फुटलेला दांडा मात्र आपोआप सांधला गेला नाही. तळं चार वर्षं खारं राहिलं. शेवटी 2006 मध्ये गावकऱ्यांनी, शिडाच्या बोटींतून येणाऱ्या दर्यावर्दींच्या मदतीने, तारेच्या जाळ्यांत दगड भरून गॅबियन बंधारा घातला आणि तोंड बुजवलं. पूर्वी समुद्राने वाळू आणून तिथेच खाडी बंद केली होती. या वेळी दगड माणसांनी वाहिले.