कट्टा (भेटण्याची जागा आणि प्रथा)

कट्टा म्हणजे बसता येईल एवढ्या उंचीची दगडी, विटांची वा सिमेंटची बैठी भिंत. तिथे ठरावीक वेळी आमंत्रणाशिवाय जमणाऱ्या मंडळींनाही कट्टाच म्हणतात. ‘कट्ट्यावर आहे’ या उत्तरात जागा आणि माणसे दोन्ही येतात. कानडीत झाडाभोवतीच्या ओट्याला ‘कट्टे’ म्हणतात आणि मराठी शब्दाचे त्याच्याशी नाते उघड आहे. (पोलिसांच्या बातम्यांतला गावठी कट्टा वेगळा.) गावातला पार, कोकणातल्या घराची ओटी, गोव्यातल्या घरांच्या ‘बलकांव’ नावाच्या पुढच्या ओसरीतला ‘सोपो’ हा बांधीव बाक, ही त्याची भावंडे होत.

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कला वळसा घालणारा सुमारे सव्वा किलोमीटरचा कट्टा सर्वांत प्रसिद्ध. मैदान १९२५ साली खुले झाले. संध्याकाळी त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर वेगवेगळे गट बसलेले दिसतात आणि सहसा कोणी दुसऱ्याच्या तुकड्यावर बसत नाही. ठाण्याचा आचार्य अत्रे कट्टा किंवा वृत्तवाहिन्यांवरचे ‘कट्टे’ हे खरे तर कार्यक्रम आहेत. तिथे वक्ता आणि श्रोते असतात. मूळ कट्ट्यावर हा भेद नसतो.

प्रकृतीशी संबंध

मराठीत एकांत आणि एकाकीपणा हे वेगळे शब्द आहेत, आणि विषयाची अर्धी उकल तिथेच होते. एकांत माणूस मागून घेतो. हवे तेवढे संबंध नसल्याची बोच म्हणजे एकाकीपणा. ती भरल्या घरातही असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका माणसाला ती जाणवते.

कॅलिफोर्नियातील अलामीडा परगण्यात १९६५ साली पाहणी झालेल्या ६,९२८ प्रौढांचा नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सर्वांत कमी संबंध असलेल्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट होते. ज्युलियन होल्ट-लन्स्टाड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांची, म्हणजे ३,०८,८४९ माणसांची, माहिती एकत्र केली. संबंध घट्ट असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली. आजारी माणूस मुळातच बाहेर कमी पडतो, म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता हा प्रश्न रास्त आहे. अलामीडात सुरुवातीची प्रकृती हिशेबात धरूनही फरक उरला होता. तरीही हे आकडे कट्ट्याचे नव्हेत. लग्न, नातलग, मित्र, मंडळे या सगळ्यांचे मिळून ते आहेत, आणि कट्टा त्यांतला एकच धागा.

हा धागा सैल असतो आणि त्यातच त्याची सोय आहे. कट्ट्यावरचा माणूस जिवलग असेलच असे नाही. कित्येकदा आडनावापलीकडे माहिती नसते. पण मोतीबिंदू कुठे काढावा, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत कोणत्या वेळी गर्दी नसते, हे इथेच कळते. आणि रोज साडेपाचला येणारा माणूस दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी फोन करतो. एकट्या राहणाऱ्याच्या दृष्टीने कट्ट्याचे सर्वांत मोठे काम हेच: गैरहजेरी लक्षात येणे. बँकेला दाखला वर्षातून एकदा लागतो, कट्ट्याला रोज.

जागा

बैठकीची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर असली की बहुतेकांचे पाय जमिनीला टेकतात. गुडघेदुखीच्या माणसाला ४५ ते ५० बरी, कारण उठताना कमी जोर लागतो. कडेला हात टेकायला काही असावे. सरळ भिंतीवर माणसे ओळीने बसतात, त्यामुळे पाचव्या माणसाला पहिल्याचे ऐकू येत नाही आणि गप्पा आपोआप फुटतात. गोल पारावर पाठीला पाठ लागते. काटकोनात वळलेला कोपरा सर्वांत उत्तम, आणि जुने सभासद तोच पकडतात.

पश्चिमेचे ऊन खाल्लेला दगड एप्रिल-मे महिन्यांत सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेला राहतो. तेव्हा वेळ पुढे ढकलावी किंवा सकाळची ठेवावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी छपराची दुसरी जागा आधीच ठरवलेली नसेल, तर जूनमध्ये मोडलेला कट्टा ऑक्टोबरात पुन्हा जमेलच असे नाही. जवळ स्वच्छ शौचालय नसणे हे ज्येष्ठ मंडळी येणे बंद करण्याचे न सांगितले जाणारे कारण आहे. मधुमेह वा प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस ते उघड बोलत नाही. ऐकू कमी येणाराही असाच गुपचूप गळतो. त्याला रस्त्याच्या गोंगाटापासून लांब, चांगला कान मंडळींकडे येईल असे बसवावे.

जमवणे आणि मोडणे

नवा कट्टा सुरू करायला ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि काहीही झाले तरी येणारी तीन माणसे पुरतात. विषय ठरवू नये, वर्गणी ठेवू नये. पाऊण ते एक तास पुरे. प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाचा नंबर दोघांकडे तरी असावा. नवा माणूस पहिल्या दिवशी कडेला बसतो. त्याला मध्ये जागा दिली नाही तर तो चौथ्या दिवशी येत नाही.

राजकारणावरून भांडणे होतात, पण त्यांनी कट्टे क्वचितच मोडतात. भांडायलाही माणूस लागतोच. मोडतात ते उसनवारीने, आणि कोणी गुंतवणुकीच्या योजना विकू लागला की. एकच जण रोज बोलत राहिला तरी बाकीचे हळूहळू फिरायला जाऊ लागतात. व्हॉट्सॲपचा गट सोबतीला ठीक, पण तिथे ‘सुप्रभात’ पाठवणारा आजारी आहे की बरा हे कळत नाही.

सार्वजनिक कट्ट्यावर बायका कमी दिसतात. घरकाम हे एक कारण. दुसरे असे की बाईने नुसते बसणे लोकांना खपत नाही, काही निमित्त लागते. मग भजनी मंडळ, हळदीकुंकू, भिशी, मुलांना शाळेत सोडल्यानंतरची फाटकाजवळची पंधरा मिनिटे, हे त्यांचे कट्टे होतात. निमित्त संपले की भेटही संपते, म्हणून मूल शाळेतून बाहेर पडल्यावर हा गट टिकवायचा तर दुसरी वेळ आधीच ठरवून ठेवावी लागते.

तरुणांची टोळकी नकोत म्हणून अनेक गृहनिर्माण संस्था भिंतीला उतार देतात, वर खिळे किंवा लोखंडी कांब बसवतात. टोळके पुढच्या कोपऱ्यावर सरकते; चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र तिथवर चालवत नाही.