मोठ्या शिकारीचे काडतूस

वाघ, सांबर, गवा, रानडुक्कर अशा मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफलीत कोणते काडतूस भरायचे, याची निवड. पितळी नळकांडे, त्याच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी मिळून एक काडतूस होते. बोलताना सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतात. या नोंदीत गोळी म्हणजे फक्त नळीतून सुटून जनावराला लागणारा तुकडा. भारतात शिकारीला आज बंदी आहे. त्यामुळे ही नोंद ज्या ग्वाल्हेर संस्थानाच्या अंगाने लिहिली आहे, तिथे हा विषय इतिहासाचा आहे, पण त्यामागचे शास्त्र जगात जिथे कायदेशीर शिकार चालते तिथे तेच आहे.

निवडीची कसोटी एकच : जनावर तिथल्या तिथे आणि लवकर मरावे. गोळी काळजापर्यंत किंवा फुफ्फुसांपर्यंत पोचली तर ते थोड्या वेळात कोसळते. ती खांद्याच्या हाडावरच फुटली, किंवा मांसातून बारीक भोक पाडून आरपार गेली, तर सांबर रक्त सांडत कोसभर जाते आणि दोन दिवसांनी कुठल्या तरी नाल्यात मरते. जखमी वाघ गवतात दबा धरून बसतो आणि त्याचा माग काढायला पुढे जातो तो बहुधा हाक्यातला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवणारा, गरीब माणूस. चुकीच्या काडतुसाची किंमत शिकाऱ्याने क्वचितच मोजली, हे कुठल्याही तांत्रिक चर्चेआधी ध्यानात घ्यायला हवे.

गोळी किती वेगाने जाते यापेक्षा ती कशी बांधली आहे, हे अधिक महत्त्वाचे. शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे किंवा तांबेमिश्रित धातूचे कवच असते. कवच टोकापर्यंत पूर्ण असेल तर ती ‘सॉलिड’. ती पसरत नाही, हाड फोडून सरळ खोल जाते. टोकाशी शिसे उघडे ठेवले तर ती ‘सॉफ्ट नोज’, म्हणजे मऊ टोकाची. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात १८९० च्या दशकात अशा गोळ्या लष्करासाठी बनल्या आणि ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर गेले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली. शिकारीत मात्र त्याच योग्य ठरल्या, कारण रुंद जखमेने जनावर लवकर मरते. जनावरातून काढलेली चांगली मऊ टोकाची गोळी तळहातावर घेतली तर ती अळंबीसारखी दिसते : पुढे शिशाची पसरट छत्री, कवचाच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि बुडाशी मूळ जाडीचा देठ शाबूत. देठ उरला नसेल, हाती नुसत्या चिंध्या येत असतील, तर ती गोळी त्या वेगासाठी किंवा त्या जनावरासाठी फार मऊ होती. याच अडचणीवर अमेरिकेतल्या जॉन नोस्लर यांनी १९४८ च्या सुमारास मध्ये आडवी भिंत असलेली गोळी विक्रीला आणली; तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून आत शिरतो.

हत्ती, गेंडा यांच्यासाठी सॉलिड, वाघ-सांबरासाठी मऊ टोकाची, हा जुना दंडक. हत्तीच्या शिकारीवर १८७९ च्या कायद्याने भारतात आधीच बंधन आले होते, आणि ग्वाल्हेरच्या जंगलात ना हत्ती ना गेंडा. इथल्या शिकाऱ्याला सॉलिड गोळीचे काम जवळजवळ नव्हतेच.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, १५.४ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम. १८९८ साली रिग्बी कंपनीने आणलेल्या .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतुसाची (आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात) गोळी ४८० ग्रेनची, सुमारे ३१ ग्रॅमची. नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा ६,६०० ज्यूलच्या आसपास. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी हलकी पण वेगवान, ऊर्जा सुमारे ५,६०० ज्यूल. तुलनेसाठी, जर्मनीत लाल हरणासारख्या मोठ्या शिकारीला १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल आणि किमान ६.५ मिलिमीटर व्यास लागतो. म्हणजे वरची काडतुसे वाघालाही गरजेपेक्षा भारी होती. ती घेण्यामागे समोरून चाल करून येणाऱ्या जनावराची धास्ती होती आणि थोडी प्रतिष्ठाही. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हाती .४५० देण्यापेक्षा त्याला नीट पेलेल अशी हलकी रायफल देणे केव्हाही बरे.

१९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात .४५० बोअरवर, म्हणजे त्या व्यासाच्या रायफलींवर, बंदी घातली. लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळ्या त्याच व्यासाच्या असल्याने त्या बंडखोरांच्या कामी येतील, ही भीती. मग इंग्रज कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे आकडे पुढे आणले. जुन्या दुनळी रायफलींवर दिसणारी ही विचित्र संख्यांची रांग बऱ्याच अंशी त्या बंदीतून आली आहे. दुनळी रायफलीत निवडीला वावही थोडाच. तिच्या दोन्ही नळ्यांचा नेम एका ठिकाणी पडावा म्हणून त्या एका ठरावीक गोळीला आणि दारूला जुळवलेल्या असतात. काडतूस बदलले की दोन बार दोन दिशांना जातात. पुढचे लाकूड काढले की नळ्यांच्या बुडाशी दारूचे आणि गोळीचे वजन कोरलेले सापडते. ते वाचल्याशिवाय काडतूस घ्यायचे नाही, हा नियम.

ग्वाल्हेरात उन्हाचाही विचार करावा लागे. वाघाची शिकार मुख्यतः वैशाख-ज्येष्ठात, पाणवठे आटले की. त्या दिवसांत इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या काळची दारू म्हणजे कॉर्डाइट. ती तापली की भडका जोराचा होतो, नळीतला दाब वाढतो आणि पितळी नळकांडे फुगून नळीच्या बुडाशी, जिथे काडतूस बसते तिथेच, अडकते. मचाणावर दुसरा बार हवा असताना पहिले नळकांडे निघू नये, याइतके वाईट काही नाही. म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे भरली जात. जुन्या टोप्यांमधला क्षार नळीत राहून गंज चढे, तो तेलाने निघत नसे. त्याच संध्याकाळी कढत पाणी ओतून, गज फिरवून नळी कोरडी करावी लागे.

ग्वाल्हेर संस्थानची मोठी शिकार शिवपुरीच्या जंगलात चाले. तिथला जॉर्ज कॅसल १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या शिकारभेटीसाठी बांधला गेला. पुढे त्या जंगलातून वाघ नाहीसा झाला. आज तिथे माधव राष्ट्रीय उद्यान आहे. मार्च २०२३ मध्ये वाघ पुन्हा सोडण्यात आले आणि २०२५ मध्ये उद्यानाला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा परवाना संपला. शस्त्रपरवाने उरले; ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल ग्वाल्हेर-चंबळ भागात आजही पाहायला मिळते. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या मराठी वाड्यात आजोबांची पेटी उघडली की हिरवट पडलेली दोन-चार काडतुसे निघू शकतात. ती आठवण म्हणून कपाटात ठेवता येत नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे रायफलीचे काडतूस जवळ बाळगायलाही परवाना लागतो, आणि शंभर वर्षांची टोपी अजून जिवंत असू शकते. घासूनपुसून न पाहता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत.