उन्हाने मरणारा ड्रॅक्युला आला कुठून?

डिसेंबर २०२४ मध्ये ‘नॉस्फेराटू’ हा ड्रॅक्युलाच्या कथेवरचा जुना चित्रपट नव्या रूपात आला आणि चर्चा रंगली ती त्यातल्या रक्तपिपासू काउंटच्या, म्हणजे सरदाराच्या, मिशीवरून. खरं तर ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला पहिल्यांदा दार उघडतो तोच मुळी लांब पांढऱ्या मिशीचा, काळ्या कपड्यांतला म्हातारा म्हणून. तळहातांवर केसही आहेत. उभी कॉलर आणि मेजवानीचा सूट ही देणगी इंग्लंडमधल्या १९२४ च्या नाटकाची. दिवाणखान्यात पाहुण्यांसोबत वावरेल असा काउंट रंगभूमीला हवा होता. ते नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि १९३१ च्या बोलपटाने पुस्तकापेक्षा त्याचाच आधार जास्त घेतला.

मिशीचं एक वेळ सोडा, उन्हाचा घोळ जास्त मोठा आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो. कथेतल्या हार्कर या तरुण वकिलाला तो लंडनच्या पिकॅडिलीत दिसतो, आता तरणा झालेला, एका देखण्या मुलीकडे टक लावून बघणारा. पुढे त्याच भागातल्या घरात भर दुपारी झटापट होते. हार्करच्या सुऱ्याने त्याचा कोट फाटतो, नोटांचं पुडकं आणि सोन्याची नाणी खाली पडतात आणि हा गृहस्थ खिडकीतून उडी मारून पसार होतो. दिवसा त्याची ताकद घटते, मनाला येईल तेव्हा रूप पालटता येत नाही, इतकंच. शेवटी तो मरतो खुकरीने आणि छातीत घुसलेल्या दुसऱ्या सुऱ्याने, तेही सूर्य मावळता मावळता.

उन्हाने विरघळणं १९२२ च्या जर्मन मूकपटाने, म्हणजे मूळ ‘नॉस्फेराटू’ने आणलं. हक्क न घेताच काढलेल्या त्या चित्रपटात पात्रांची नावं बदलली होती. म्हणून शेवटही खटला टाळायलाच बदलला, असं सांगितलं जातं. हे पटत नाही. लपवायचंच होतं, तर सुरुवातीच्या पाटीवर कादंबरीचा उल्लेख कशाला ठेवला? नायिका स्वतःचा बळी देऊन काउंटला पहाटेपर्यंत थोपवून धरते, या कथेला कोंबडा आरवण्याची वेळ लागतच होती. स्टोकरच्या विधवेने खटला भरलाच, आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. तरी काही वाचल्या. त्यातली गंमत अशी, की रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळा रंग दिला होता. पुढच्या अनेक प्रतींत तो रंग उरला नाही, त्यामुळे उन्हाने मरणारा काउंट लख्ख उजेडात शवपेटी काखेत मारून हिंडताना दिसतो! १९५८ च्या ब्रिटिश रंगीत चित्रपटात खिडकीचा पडदा ओढून त्याची राख केली गेली आणि ऊन हा जणू नियमच होऊन बसला.

‘फ्रँकेन्स्टाइन’चीही वाट हीच. १८१८ च्या पुस्तकात फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीव इंग्रज कवी मिल्टन वाचतो, तासन्‌तास वाद घालतो. १८२३ च्या लंडनमधल्या नाटकाने त्याला मुकं केलं आणि १९३१ च्या चित्रपटाने तसंच ठेवलं.

ड्रॅक्युलावरच्या १९९२ च्या चित्रपटाने तर शीर्षकातच मूळ लेखकाचं नाव घेतलं. तिथे ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यांवर दिवसा हिंडला, हे प्रामाणिकच. पण १९७४ मध्ये दाखवलेल्या एका टीव्हीपटात आलेली पूर्वजन्मीच्या प्रेयसीची कल्पना या चित्रपटाने पार हार्करच्या बायकोपर्यंत, मीनापर्यंत ओढली. उन्हापेक्षा ही मोडतोड कितीतरी वाईट. कादंबरीत तो मीनाची मान धरून तिला आपलं रक्त पाजतो आणि नंतर ती स्वतःला अपवित्र म्हणत आक्रोश करते. चित्रपटात तो कचरतो आणि हट्ट तीच धरते.